पंचाच्या घरची टाळी

कबड्डीचा सामना बघताना दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचं, हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. बाबांबरोबर मैदानावर जायला लागले तेव्हा मी एवढीशी होते. खुर्चीवर बसलं की तळहात आपोआप मांडीखाली जायचे. प्लास्टिकच्या खुर्चीची नक्षी तळव्यांवर उमटायची आणि सामना संपेपर्यंत बोटांना मुंग्या आलेल्या असायच्या. आजूबाजूची माणसं ओरडत, शिट्ट्या मारत, एकमेकांच्या पाठीवर थापा देत. मी मात्र दगडासारखी. बायका म्हणत, "काय गो बाय, येवढी गप का? बरं नाय वाटत?" मी मान हलवायची. बाबा रत्नागिरीतल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते, आणि भातकापणी संपली की पाऊस येईपर्यंत आसपासच्या वाड्यावाड्यांत जे कबड्डीचे सामने व्हायचे, त्यात ते पंच म्हणून उभे राहायचे. पंचाच्या घरच्या माणसाने टाळी वाजवायची नाही. एवढा एकच नियम, पण त्याला आत-बाहेर खूप खोल्या होत्या.

सामन्याच्या दिवशी आमच्या घराचा आवाज बदलायचा. एरवी सकाळी बाबांचा रेडिओ, आईचा मिक्सर, शेजारच्या बंगल्यातल्या कुत्र्याचं भुंकणं असं सगळं एकात एक चालायचं. सामन्याच्या दिवशी रेडिओ बंद. बाबा पांढरी पॅन्ट स्वतः इस्त्री करत, शिट्टी कोमट पाण्यात धुऊन खिडकीत वाळत ठेवत. आई पहाटेच उठून तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कांदा असा डबा बांधून द्यायची, शिवाय दोन लिटरची पाण्याची बाटली. ज्या गावात उभं राहायचं तिथला चहाही बाबा पीत नसत. आयोजक आग्रह करत, कोणी दुखावले जात, कोणी मागे म्हणत, "सर लय मोठे, आमच्या कपात मावत नाय." बाबा हसून बाटली तोंडाला लावत. जिंकलेल्या संघाच्या मिरवणुकीत त्यांची स्कूटर कधी दिसली नाही. गुलाल उधळायच्या आत आम्ही रस्त्याला लागलेलो असायचो.

सगळ्यात अवघड होतं ते आईचं. आईचं माहेर कातळवाडी. कातळवाडीला तेव्हा एकच गोष्ट होती, कबड्डीचा संघ. शेती जेमतेम, निम्मे पुरुष मुंबईला; पण गणपतीला नि शिमग्याला जशी रजा टाकायची तशी सामन्यालाही टाकायची, हे तिथे ठरलेलं. माझा मोठा मामा संघाचा सगळा कारभार बघायचा. टॉवेल, लिंबं, स्प्रेची बाटली आणि शिव्या असं सगळं त्याच्या एकाच पिशवीत असायचं. आईने लहानपणी त्याच संघाच्या बनियन धुतल्या होत्या. लग्न झालं आणि ती पंचाच्या घरी आली. तेव्हापासून ती मैदानावर गेलेली नव्हती. पंचाची बायको कुठल्या बाजूला बसली, कधी हसली, हे बघणारे लोक असतात, असं बाबा म्हणाले होते, एकदाच. आईनेही एकदाच ऐकलं होतं. मामाचा फोन यायचा तेव्हा दोघं बहीण-भाऊ काजूच्या मोहरापासून गुरांच्या औषधापर्यंत सगळ्यावर बोलत आणि सामन्याचा शब्द काढत नसत. पण कातळवाडी हरली की त्या रात्रीच्या आमटीत मीठ जास्त पडायचं, हे मी फार लवकर ओळखलं होतं.

मी इंग्रजी शाळेत होते. तिथे खेळाचं वेड म्हणजे निराळीच गोष्ट. वर्गातल्या मुली इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांच्या जर्सी घालून वाढदिवसाला येत. कुठला क्लब आवडतो यावर कोण कोणाशेजारी बसणार हे ठरायचं. मीही एका क्लबचं नाव आणि चार खेळाडूंची नावं पाठ करून ठेवली होती, वेळेला काढायला. त्यांचा एकही सामना मी पूर्ण बघितला नव्हता. कबड्डी म्हणजे गावातलं, अंगाला माती लागणारं; टीव्हीवर दिसायला लागली तेव्हा जरा बरी झाली, पण तरी वाडीतली नाही. त्यामुळे मला दोन ठिकाणी दोन गोष्टी लपवाव्या लागत. शाळेत मी कबड्डी बघते हे लपवायचं. आणि घरी मी कुणाच्या बाजूने बघते ते. कारण सातवीत असताना, आजोळी गेले होते त्या सुट्टीत, कातळवाडीच्या बाल्याला सराव करताना बघितलं आणि माझं काहीतरी होऊन बसलं. बाल्या सडपातळ, बोलताना अडखळणारा, गवंडीकामाला जाणारा मुलगा होता. पण चढाईला गेला की त्याच्या पायांना जे म्हणायचं असायचं ते तो बरोबर म्हणायचा. मला चारचौघांत बोलता येत नसे, म्हणून असेल, मला ते फार आवडलं. प्रेमबिम नव्हतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे लोकांनी तेही म्हटलं.

आता मी पुण्यात नोकरी करते. ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला विचारतात, कुठली टीम? उत्तर दिलं की तो कुणाचा तरी होतो. मी अजूनही तो प्रश्न आला की चहा आणायला उठते.

तर त्या वर्षी माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. आमच्या तालुक्यातल्या एका मोठ्या स्पर्धेत कातळवाडी आणि बंदरवाडी अंतिम सामन्यात आल्या. बंदरवाडी खाडीवरची, माणसं होड्यांवरची, दणकट, पकडीत वस्ताद. या दोन वाड्यांचं जुनं वैर होतं. आदल्या वर्षी प्रकाशझोतात सामना चालू असताना कोणीतरी दिव्यांची वायर ओढली आणि अंधारात मारामारी झाली होती. म्हणून या वेळी अंतिम सामना दुपारी चारला, उजेडात ठेवला होता. बाबा उपांत्य सामन्यापर्यंत उभे राहिले होते. अंतिम सामन्यात सासुरवाडी आहे म्हटल्यावर त्यांनी आपणहून नाव काढून घेतलं. आमच्या घरात त्यामुळे जरा मोकळं वाटत होतं. बाबा नुसते बघायला जाणार होते. आई मला म्हणाली, "तू पण जा. तू बसलीस तर कोणी बघत नाही." मग डब्याचं झाकण घट्ट दाबत हळूच म्हणाली, "नीट बघून ये."

आम्ही पोचलो तेव्हा मैदान तयार होत होतं. तांबडी माती आणून, पाणी मारून, चोपून पाटासारखं गुळगुळीत केलेलं, त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा. साडेतीनला बातमी आली, नेमलेल्या दोन पंचांपैकी एकाला सकाळपासून उलट्या होत आहेत, तो येत नाही. आयोजकांची धावपळ सुरू झाली. दुसरा पंच मिळेना. शेवटी स्पर्धेचे अध्यक्ष तात्या, पिकलेल्या मिशांचे, पूर्वी स्वतः खेळलेले, दोन्ही संघांच्या कप्तानांना घेऊन बाबांकडे आले. बाबांनी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा बंदरवाडीचा कप्तान दिगा पुढे आला. काळा, रुंद, उजव्या गुडघ्यावर निळा पट्टा बांधलेला. तो म्हणाला, "सर, तुम्ही सासुरवाडीला आजवर काय दिलंत ते आख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय. उभे ऱ्हावा. आमची तक्रार नाय."

सगळे हसले. मामा सगळ्यात मोठ्याने हसला आणि म्हणाला, "जावई आमचे, पॉइंट तुमचे!" बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मांडीकडे. मी हात आत घातले. बाबांनी शिट्टी सोबत आणलेली नव्हती, ती तात्यांनी आणून दिली.

मला जागा मिळाली ती बंदरवाडीच्या अर्ध्या भागाच्या शेवटच्या कोपऱ्यात, दोरीला लागून. माझ्यासमोर, दोन हातांवर, बाजूच्या रेषेवर बाबा. सामना कसा झाला ते मी सगळं सांगू शकते, पण इथे एवढंच पुरे की कोणी कोणाला सोडलं नाही. चार गुण पुढे, तीन मागे, परत बरोबर. दिगाने बाल्याला एकदा असं पकडलं की पूर्ण गर्दीतून 'हं' असा एकच आवाज आला. माझे हात बधिर झाले होते. गुणफलकावर दोन्हीकडे एकतीस, आणि शेवटची चढाई कातळवाडीची. बाल्या मध्यरेषेवर वाकला, माती कपाळाला लावली. समोर बंदरवाडीचे सहा जण उभे होते. सहा म्हणजे बोनस मिळू शकतो. चढाईवाल्याने मागच्या बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकायचा, आणि तो टेकताना दुसरा पाय हवेत हवा. कोणाला हातही न लावता एक गुण. हे मैदानावरच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, त्यामुळे कोणीच ओरडत नव्हतं. बाल्याचं "कबड्डी कबड्डी" तेवढं ऐकू येत होतं. दिगा माझ्याच कोपऱ्यात होता. बाल्या डावीकडे सरकला, परत आला, आणि एकदम लांब झाला. दिगा हात वर करून काहीतरी ओरडला आणि बाल्याचा उजवा पाय रेषेपलीकडे गेला.

आणि टाळी वाजली.

ती माझी होती हे मला आवाज ऐकल्यावर कळलं. एकच टाळी, कोरडी, प्रेक्षकांच्या त्या शांततेत फटाक्यासारखी. मग बाबांचा अंगठा वर गेला. बोनस. बाल्या मध्यरेषेवर परत आला आणि कातळवाडीवाले मैदानात घुसले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बंदरवाडीचा एक म्हातारा दोरीखालून वाकून आत आला, माझ्याकडे बोट करत. "पोरीनं टाळी दिली नि बापानं पॉइंट दिला! मी बघितलं! आधी टाळी!" दिगा बाबांसमोर उभा राहून सांगत होता की मागचा पाय उचललाच नव्हता, आणि मग त्याने वळून माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट होतं. कोणीतरी खुर्ची उचलली, कोणीतरी ती खाली ठेवायला लावली. तात्या माईकवरून ओरडत होते, "मैदान मोकळं करा, मैदान मोकळं करा." बाबा रेषेवरून हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले होते. घरी येताना मी स्कूटरवर मागे बसून त्यांच्या शर्टाचा घामाने चिकटलेला भाग बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टाळीचा व्हिडिओ आला. कोणीतरी सामना यूट्यूबवर लाइव्ह दाखवला होता. त्यातलेच आठ सेकंद कापून, हळू करून, माझ्या तोंडाभोवती लाल गोल काढून व्हॉट्सॲपवर सोडले होते. वर लिहिलं होतं, 'पॉइंट कोणी दिला?' आधी माझे हात एकत्र येताना दिसत, मग बाबांचा अंगठा. मधे अर्धा सेकंद. बाल्याचा मागचा पाय त्या चित्रात दिसतच नव्हता. तिथे दुसऱ्याच कोणाची तरी पोटरी होती. दुपारपर्यंत तो बाबांच्या शाळेच्या ग्रुपवर होता, संध्याकाळी माझ्या वर्गातल्या रियाकडून मला आला. खाली लिहिलं होतं, "ही तू आहेस? तू कबड्डी बघतेस??" आणि हसणारे चेहरे. त्या दिवशी मला कळलं की लपवलेल्या दोन गोष्टी एकाच टाळीत बाहेर येऊ शकतात. मी फोन तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला.

मामा सोमवारी आला. हातात पेढ्यांचा मोठा पुडा, अंगावर अजून गुलालाचा वास. त्याला घरातलं काही कळलंच नव्हतं, किंवा कळूनही आनंद मावत नव्हता. "ताई, तोंड उघड," म्हणत त्याने पुड्याची दोरी सोडायला घेतली. बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले.

"तो पुडा या घरात उघडायचा नाही."

"भावोजी, अहो पेढा हाय, बॉम्ब नाय."

"उघडायचा नाही," बाबा म्हणाले. "बंदरवाडीने तक्रार दिली आहे. मी मुलीला खूण करायला बसवलं होतं म्हणून. रविवारी बैठक आहे."

मामाने दोरी परत बांधली. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या हातातलं पातेलं घासून झालं होतं तरी ती घासत होती. बाबा चप्पल घालून बाहेर गेले. खूण करण्याचा आरोप म्हणजे काय, ते मला मामाने समजावलं नाही, तसं समजावण्याची गरज नव्हती. पॉइंट चुकला असं म्हणणं वेगळं. पंच चुकतात, लोक शिव्या घालतात, पुढच्या आठवड्यात परत बोलावतात. पण पंच विकला गेला असं एकदा नावाला लागलं की मग तो शाळेत मुलांना रांगेत उभं करतानाही लोक हसतात. बाबांची वीस वर्षं त्या अर्ध्या सेकंदात बसली होती.

मामाने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "बाय, ऐक. तुला विचारतील. सांगायचं, डास मारला."

"काय?"

"डास. संध्याकाळचे डास असतातच. टाळी नव्हतीच ती. डास मारला. संपला विषय."

मी आईकडे बघितलं. तिने वळून माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली. तिला मी पहिल्यांदाच अशी बघत होते. भावाने दिलेली वाट तिला हवी होती, आणि नवऱ्याला ती चालणार नाही हेही तिला ठाऊक होतं. आठवडाभर मी तो डास मारत राहिले. आंघोळ करताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना. आरशासमोर म्हणून बघितलं, "डास होता." माझ्या तोंडी ते इतकं खोटं वाटायचं की मलाच लाज यायची. पण दुसरं काय म्हणणार होते? मला कातळवाडी हवी होती, असं? मग तर सगळं खरंच ठरलं असतं. पंचाच्या घरात बाजू आहे.

रविवारी बैठक एका शाळेच्या वर्गात होती. दहा-बारा मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मागे फळ्यावर आदल्या दिवशीचा सुविचार तसाच होता. एका बाजूला मामा आणि कातळवाडीचे दोघे, दुसऱ्या बाजूला दिगा, तो मैदानातला म्हातारा आणि आणखी तिघे. बाबांनी उभं राहून सांगितलं, पाय उचललेला होता, मी गुण दिला, मुलीला मी काही सांगितलं नव्हतं. एवढंच. म्हातारा म्हणाला, "मग पोरीला विचारा की." तात्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "विचारा. पण माझ्यासमोर नको. मी इथे असलो तर ती माझ्या तोंडाकडे बघेल. मी बाहेर थांबतो." ते गेले आणि जाताना दार लोटून गेले.

मी मराठीत कधी इतक्या माणसांसमोर बोलले नव्हते. इंग्रजीतही नव्हते. तात्या प्रेमळपणे म्हणाले, "घाबरू नको बाय. बाबांनी काही खूण ठरवली होती?"

"नाही."

"मग पॉइंट झाला हे तुला त्यांच्या आधी कसं कळलं?"

"कळलं नव्हतं."

"म्हणजे?"

"मला बाल्याचा मागचा पाय दिसत नव्हता. मध्ये हे होते." मी दिगाकडे बघितलं. माझा आवाज इतका बारीक आला की मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "जरा जोरात बोल गो."

"मग टाळी कशाला वाजवलीस?" तात्यांनी विचारलं.

मामा खोकला. ते खोकणं डासाचं होतं हे मला समजलं. वर्गात पंखा फिरत होता आणि त्याच्या एका पात्याचा टक टक आवाज येत होता. मी तो मोजत बसले असते, पण सगळे थांबले होते.

"मला कातळवाडी जिंकायला हवी होती," मी म्हटलं. "म्हणून."

म्हाताऱ्याने बाकावर थाप मारली. "झालं! बोलली! पंचाच्या घरात बाजू हाय, बोलली ना तोंडानं!" मामाने डोक्याला हात लावला. दोन-तीन जण एकदम बोलायला लागले. मला वाटलं, मी बाबांना संपवलं. आणि त्या भीतीनेच, थांबता न आल्यामुळे, मी पुढचं बोलले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी त्याआधी बोलले नव्हते.

"मी बघितलंच नाही, म्हणून माझी टाळी आधी आली. मला बघायचं नव्हतंच, मला ते व्हायला हवं होतं. बाबा बघत होते. म्हणून त्यांचा हात उशिरा आला."

म्हातारा काहीतरी म्हणणार होता, पण दिगाने हात वर केला. त्याने मला एकच विचारलं, "मी मधे होतो म्हनतेस. तवा माझा कुठला पाय पुढं होता?"

"उजवा. निळ्या पट्ट्याचा. आणि तुमचा हात आधीच वर होता. पाय टेकायच्या आधी तुम्ही 'नाय' म्हणून ओरडलात."

दिगा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घालून गुडघ्यावरून हात फिरवला. "वरडलो खरा," तो म्हणाला. "दिसायच्या आधीच वरडलो." मागून कोणीतरी हसलं. तो तात्यांकडे वळला. "पाय उचलला नव्हता, ही आमची तक्रार ऱ्हावू दे लिवलेली. पन खुणेचं काढा. ते खोटं हाय."

"दिगा!" म्हातारा म्हणाला.

"काढा म्हंतो ना, काका."

तात्यांनी कागदावर रेघ मारली. निकाल तोच राहिला. यापुढे कातळवाडीच्या कुठल्याही सामन्याला सरांना उभं करायचं नाही, असंही लिहिलं गेलं. मामाला ते फार बरं वाटलं असावं. बाबांना आत बोलावून हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि खाली सही केली. मी काय बोलले ते त्यांना कोणी सांगितलं नाही. पण शाळेच्या खिडक्यांना काचा नव्हत्या आणि ते खिडकीखालच्या पायरीवर बसलेले होते, हे मला बाहेर आल्यावर त्यांच्या पॅन्टला लागलेल्या मातीवरून कळलं.

आम्ही निघालो. दुपारचे तीन वाजले असतील. रस्त्याला दोन्ही बाजूंनी काळा कातळ आणि वाळलेलं गवत, ऊन डोळ्यात जात होतं. बाबांनी हेल्मेट घातलं होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा मला आरशातही दिसत नव्हता. बराच वेळ गेल्यावर त्यांनी मान जराशी वळवून विचारलं, "कधीपासून?"

काय ते त्यांनी सांगितलं नाही. मी म्हटलं, "सातवीपासून."

"हं." एक वळण गेलं. मग म्हणाले, "माझं लग्नाच्या आधीपासून."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ते सांगत होते, की ते कॉलेजात असताना कातळवाडीचा सामना बघायला सायकलने जायचे. त्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडायचे. आईचं स्थळ आलं तेव्हा गावाचं नाव ऐकूनच त्यांनी होकार दिला होता. पंच झाले, लग्न झालं, आणि मग ते सगळं बंद करावं लागलं. "तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही," ते म्हणाले. "तिला वाटतं मला तिचं माहेर खपत नाही."

मी घट्ट धरून बसले होते. मामाचं 'जावई आमचे, पॉइंट तुमचे' आणि आईच्या खारट आमट्या, सगळं डोक्यात एकावर एक पडत होतं. मला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायचा धीर होत नव्हता. ते त्यांनीच ओळखलं.

"हात लगेच वर जात होता," ते म्हणाले. "तुझ्याबरोबरच गेला असता. म्हणून दाबून धरला. आधी स्वतःला विचारलं, की पाय दिसला की नुसता हवा होता."

"मग?"

"दिसला," बाबा म्हणाले. समोरून एक एसटी आली, आम्हाला कडेला घ्यावं लागलं, धूळ उडाली. ती खाली बसल्यावर ते म्हणाले, "बहुतेक."

स्कूटरचा आवाज मोठा होता. ते मला ऐकू आलं नाही असं त्यांना वाटावं, म्हणून मी काहीच बोलले नाही.